टिचकी मारून बघा!

रात्रीचे साडेनऊ. पोटात कावळे कोकलतायत. जेवण मागवलंय आणि मोबाईलच्या मॅपवर ती चिमुकली बाईक आपल्या गल्लीकडे सरकतेय... हळूहळू, गुळगुळीत, एकदम स्मूथ. आपण खूश. आला, आला!

खरं सांगू? त्या मुलाचा फोन काही दर क्षणाला आपला ठावठिकाणा कळवत नसतो. एकदा लोकेशन येतं, मग काही सेकंदांनी दुसरं येतं. या दोन ठिपक्यांमधला तो गुळगुळीत प्रवास बहुतेक वेळा अ‍ॅपने स्वतःच्या मनाने रंगवलेला असतो. बाईक टुणकन उड्या मारत आली तर तुम्हाआम्हाला बरं वाटणार नाही, म्हणून.

हे मला कसं माहीत? कारण असली रंगकामं करणं हीच माझी नोकरी आहे. फक्त माझ्या पडद्यावर बाईक नसते. काटा असतो.

मी पुण्यात टच पॅनेलचे स्क्रीन डिझाइन करते. शिरूरला घरी लग्नकार्यात मावश्या विचारतात, ‘कॉम्प्युटरमध्ये आहेस म्हणजे नक्की काय करतेस गं?’ सुरुवातीला मी ‘ह्यूमन मशीन इंटरफेस’ वगैरे सांगायचे. त्यांचे चेहरे बघून सोडून दिलं. आता सांगते, ‘मावशी, कंपनीत मशीनच्या पेटीवर स्क्रीन असतो ना, त्यावर गोल घड्याळासारखं दिसतं. प्रेशर किती, टेंपरेचर किती. ते मी काढते.’

‘म्हणजे घड्याळं काढतेस!’

हो. घड्याळं काढते. स्थळांना मात्र ‘इंजिनीअर आहे’ एवढंच सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, एक गोल आणि एक काटा, त्यात काय मोठंसं? मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं. पण बसून बघा एकदा. काटा कुठून सुरू करायचा? बहुतेक गेजमध्ये तो घड्याळातल्या साडेसातच्या जागेवरून निघतो आणि वरून वळसा घालून साडेचारच्या जागी थांबतो. म्हणजे 270 अंश. खालचा पाव भाग रिकामा, तिथे आकडा लिहायचा. आता समजा गेज 0 ते 16 किलोचा आहे (वाफेच्या धंद्यात ‘किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो), तर एका किलोला साधारण 17 अंश आले. रोजचं प्रेशर 8 किलो असेल तर काटा बरोब्बर बाराच्या जागी, सरळ उभा. हा खरा फंडा! लांबून आकडा वाचायलाच नको. काटा उभा, म्हणजे सगळं ठीक. कलला, म्हणजे उठा. रेसिंगच्या गाड्यांमध्ये तर गेज मुद्दाम फिरवून बसवतात, ड्रायव्हरला नुसती नजर टाकून कळावं म्हणून.

गोल की उभी पट्टी की नुसता आकडा, यावरही लोकांनी डोकं खाजवलंय. 1948 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट स्लाइट या संशोधकाने पाच प्रकारचे डायल माणसांना सेकंदाच्या छोट्याशा भागापुरते दाखवले आणि चुका मोजल्या. उभ्या पट्टीवर चुका 35 टक्क्यांच्या वर, गोल डायलवर 11 टक्क्यांच्या आसपास. आणि सगळ्यात कमी चुका कुठे? छोट्या खिडकीत नेमका आकडा दाखवणाऱ्या डायलवर. अर्धा टक्का! म्हणजे नेमकं वाचायचं असेल तर आकडा, आणि ‘बरं चाललंय ना?’ एवढंच बघायचं असेल तर काटा. म्हणून मी दोन्ही ठेवते. मध्ये ठसठशीत आकडा, भोवती काटा.

इथपर्यंत मी शहाणी होते. घोळ झाला तो पुढे. काटा हलवताना.

आमच्या पॅनेलवर मशीनकडून नवीन आकडा सेकंदाला एकदा यायचा. मशीनचा सगळा कारभार बघणारी एक पेटी असते, पीएलसी. तिच्याकडून केबलमधून आकडा येतो, आणि पॅनेल तो दाखवतं. आलेला आकडा तसाच दाखवला तर काटा दर सेकंदाला टक्... टक्... असा उडतो. जाम भंगार दिसतं. म्हणून मी मधली चित्रं भरली. सेकंदाला 30 चित्रं. त्यातलं एक मशीनचं, 29 माझी! काटा कसा रेशमासारखा फिरायला लागला. शेवटी किंचित पुढे जाऊन मागे यायचा, हलकासा बाऊन्स. आणि भोवतीच्या कड्याला निळसर ग्लो दिला, जो हळूच वाढायचा, हळूच मावळायचा. श्वास घेतल्यासारखा.

मीटिंगमध्ये दाखवलं. सगळे ‘वॉव’. मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, ‘बॉस, हे तर जिवंत वाटतंय!’

मी ते वाक्य घेऊनच त्या शनिवारी शिरूरला गेले. वाघोली-शिक्रापूरचं ट्रॅफिक मला त्या दिवशी लागलंच नाही.

आता आमच्या आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेले. सीझन सुरू झाला की चार-पाच महिने त्यांचं दर्शन दुर्लभ, आणि घरी आले की अंगाला बगॅसचा आणि वाफेचा वास. रिटायर झाले तेव्हा लोक घड्याळ घेऊन येतात, यांनी भंगारात निघालेला एक पितळी प्रेशर गेज आणला. पाणी-तेल लावून चकचकीत केला आणि टीव्हीच्या शेजारी ठेवला. आई अजून त्याच्यावरून बोलते.

लहानपणी मला त्यांनी असाच एक गेज मागून उघडून दाखवला होता. आत घड्याळासारखी चाकं असतील असं मला वाटलेलं. चाकं होती, पण दोनच. खरी गंमत होती ती एका वाकड्या, चपट्या नळीत. प्रश्नचिन्हासारखी वाकलेली, एका टोकाला बंद. आप्पा म्हणाले, ‘रांजणगावच्या गणपतीला ती कागदाची पिपाणी घेतली होती बघ, फुंकली की उलगडते? तसंच हाय हे. वाफेने फुंकर मारली की नळी सरळ व्हायला बघते. ती सरळ झाली की चाक फिरतं, चाक फिरलं की काटा.’ पुढे इंजिनीअरिंगला कळलं की हिला बोर्डन ट्यूब म्हणतात, आणि युजीन बोर्डन नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण मला समजली ती पिपाणीनेच.

तर त्या शनिवारी मी लॅपटॉप आप्पांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

‘लई देखणं झालंय,’ म्हणाले. ‘पण हा काटा थरथरत नाय.’

‘आप्पा, त्याला स्मूथिंग म्हणतात. मुद्दाम काढलीय थरथर.’

‘मुद्दाम?’ त्यांनी चष्मा काढला. ‘अगं, काटा बारीक थरथरला की मला कळायचं, फीड पंपाचं काहीतरी बिघडलंय. हळू झोके घ्यायला लागला की भट्टीत बगॅस नीट पडत नाय. काटा बोलतो की.’

‘मग गेजमध्ये ग्लिसरीन का भरतात? थरथर थांबवायलाच ना?’ मी इंजिनीअर ना शेवटी!

‘थांबवायला नाय, दमाने घ्यायला. ग्लिसरीनने काटा शांत होतो, मुका होत नाय.’

मी हसून लॅपटॉप मिटला. मनात म्हटलं, जुनी पिढी!

पुढच्या दोन महिन्यांत ते पॅनेल कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या बॉयलरवर बसलं. दौंड तालुक्यातलं हे कुरकुंभ म्हणजे केमिकलवाल्यांचं गाव. बसवायच्या आधी टेस्टिंगला एक छोटीशी अडचण आली होती. पॅनेलला पीएलसीकडून माहिती येणं थांबलं की स्क्रीनवर आपोआप एक पिवळा त्रिकोण यायचा. सॉफ्टवेअरचीच सोय ती. पण तो यायचा नेमका माझ्या डायलच्या मधोमध, आणि केबलला जरा धक्का लागला तरी क्षणभर चमकून जायचा. डेमोत दोनदा चमकला. मी तो उचलला आणि आतल्या ‘सिस्टिम’ नावाच्या पानावर नेऊन ठेवला. दोन मिनिटांचं काम. कुणाला विचारलंही नाही. दिसायला नको, एवढंच.

आणि मग डिसेंबरातली ती शनिवारची रात्र. मी शिरूरलाच होते. अकराच्या सुमाराला आमच्या सर्व्हिस इंजिनीअरचा फोन.

‘कुरकुंभला सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुणाला काही झालं नाही. पण पॅनेल आठ किलोच दाखवत होतं म्हणतायत. सकाळी येशील?’

कुणाला काही झालं नाही, हे वाक्य मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पहाटे पाचला गाडी काढली, तर आप्पा स्वेटर-टोपी घालून दारात. ‘मी येतो.’ का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. उसाचे दिवस. पुढे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि धुकं. पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका सुरू होतो. तिथून चौफुला, मग सोलापूर हायवेने वरवंड, पाटस आणि कुरकुंभ. एरवी या रस्त्यावर आप्पा प्रत्येक गुऱ्हाळाचा इतिहास सांगतात. त्या दिवशी गप्प होते. मी पण.

गेटवर आप्पांना पास मिळेना. ते म्हणाले, ‘तू जा, मी चहा घेतो.’ मी हेल्मेट घालून आत गेले.

झालं होतं ते असं. रात्री एका प्लँटने वाफ घेणं बंद केलं. वाफेला जायला जागा कमी, भट्टी मात्र पेटलेली. प्रेशर चढायला लागलं. नेमकी त्याच्या थोडं आधी पीएलसीकडून पॅनेलकडे येणारी केबल सैल झाली होती. बॉयलर हाऊसमध्ये सगळं सतत हादरत असतं, होतं असं. पॅनेलकडे नवीन आकडाच येईना. त्याच्याकडे शेवटचा आकडा होता, आठ किलो. तो ते दाखवत राहिलं. काटा बाराच्या जागी, सरळ उभा. ‘सगळं ठीक.’ अलार्मसुद्धा त्याच केबलमधून येणार होते, ते आलेच नाहीत.

प्रेशर स्विच स्वतंत्र होता, त्याने भट्टीचा पंखा बंद केला. पण भट्टीतला विस्तव काही बटण दाबलं की विझत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि वाफ बाहेर गेली. म्हणजे ज्याच्यावर जीव अवलंबून असतो ते सगळं माझ्या स्क्रीनवर विसंबून नव्हतं. बॉयलरच्या नियमांची ही कृपा. बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि स्वतःचा प्रेशर गेज असलाच पाहिजे, हे जुने नियम आहेत. आपल्याकडचा बॉयलरचा कायदाच मुळी 1923 चा. त्याच्या जागी 2025 मध्ये नवा आला.

पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. रात्रपाळीचा हेल्पर, विशीतला पोरगा, मला म्हणाला, ‘मॅडम, मी स्क्रीनकडं बघत होतो की. कडं लुकलुकत होतं. म्हटलं, चालूच हाय.’

कडं लुकलुकत होतं. माझा ग्लो! श्वास घेणारा. त्याचा मशीनशी काडीचा संबंध नव्हता. मशीन बोलायचं थांबलं तरी तो आपला श्वास घेत होता. आणि ‘माहिती येत नाही’ असं सांगणारा एकुलता एक पिवळा त्रिकोण कुठे होता? आतल्या पानावर. मी नेऊन ठेवलेला.

सर्व्हिस इंजिनीअरने केबल घट्ट बसवली आणि मला बाजूला घेतलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, ‘रिपोर्टमध्ये लूज कनेक्शन लिहू. खोटं पण नाहीये ना ते.’

खोटं नव्हतंच. तीच तर पंचाईत.

बाहेर आले तर गेटसमोरच्या टपरीवर आप्पा आणि रात्रपाळीचे अटेंडंट काका मांडीला मांडी लावून बसलेले. दोघांची जन्माची ओळख असावी असं. काकांची ड्युटी सुटली होती, पण ते घरी गेले नव्हते.

‘हीच माझी मुलगी,’ आप्पा म्हणाले.

काका उठून उभे राहिले. मला ओशाळल्यासारखं झालं. ‘बसा ना काका. तुम्हाला कळलं कसं?’

‘मॅडम, वाफ कधी एका जागी उभी राहती व्हय? वीस मिनिटं काटा आठावर. ना इकडं ना तिकडं. इतकी शहाणी वाफ मी उभ्या जन्मात बघितली नाय. संशय आला, म्हणून वर ड्रमवरच्या गेजकडं बघितलं. तो लाल रेघेला टेकलेला. मग इंधन बंद केलं, व्हेंट उघडायला पळालो, तेवढ्यात व्हॉल्व्ह उडाला.’

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. चहाच्या ग्लासात बघत होते. मी तिथेच, टपरीवर, त्या दोघांना पिवळ्या त्रिकोणाची गोष्ट सांगितली. कुणाला तरी पहिल्यांदा सांगायचीच होती.

काका म्हणाले, ‘आसं हाय व्हय.’ बस, एवढंच.

परतताना पाटस गेलं, वरवंड गेलं. चौफुल्याला वळल्यावर आप्पा बोलले. ‘माझा तिसरा सीझन असंल. काटा अडकला होता. मी बघतोय, प्रेशर बरोबर. आमचे हेडमिस्त्री आले, काही बोलले नाय, गेजच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा टणकन दोन किलो खाली आला. म्हणाले, गेजवर विश्वास ठेव, पण टिचकी मारून.’ मग जरा थांबून, ‘तुझ्या त्या पडद्यावर टिचकी मारली तर काय होतं गं?’

‘मोठ्या आकाराचं चित्र उघडतं.’

‘त्याच काट्याचं?’

‘त्याच काट्याचं.’

आप्पा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिसात मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं. केबल सैल होती, हेही. आणि माहिती थांबल्याची खूण डिझायनरने मुख्य स्क्रीनवरून हलवली होती, हेही. डिझायनर म्हणजे मीच. त्या वर्षीचं माझं इन्क्रिमेंट विचारू नका. पण त्या रात्री झोप लागली.

नंतर मी वाचत बसले, आपल्यासारखं आणखी कुणाचं झालंय का? झालं होतं. आणि कुठे, तर अणुवीज केंद्रात! 28 मार्च 1979, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड. एक व्हॉल्व्ह उघडला आणि बंदच झाला नाही. त्यातून अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी निघून चाललेलं. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझलेला, म्हणजे ‘व्हॉल्व्ह बंद’. कारण तो दिवा व्हॉल्व्ह बंद ‘झाला’ हे दाखवतच नव्हता. बंद व्हायचा हुकूम ‘दिला’ एवढंच दाखवत होता. ऑपरेटर दिव्यावर विसंबले. खरा प्रकार कळायला दोन तासांहून जास्त वेळ गेला, आणि अणुभट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला. ते वाचताना मला तो हेल्परच दिसत राहिला. कडं लुकलुकत होतं मॅडम.

मग मी ते गेज पहिल्यापासून काढलं.

बाऊन्स गेला. काट्याने खऱ्या आकड्याच्या पुढे एक अंशही जायचं नाही. त्याचं सरकणं सेकंदाच्या पाचव्या भागात संपतं, मग तो पुढच्या आकड्याची वाट बघत उभा राहतो. थोडा टक्-टक् दिसतो. दिसू दे.

थरथर परत आली. काट्याशेजारी गेल्या दहा मिनिटांची एक बारीक रेघ असते. प्रेशर झोके घेत असेल तर रेघ झोके घेते. आप्पा म्हणतात तसं, बोलते.

रंग गेले. सगळा स्क्रीन राखाडी. या धंद्यातली जाणती मंडळी कधीपासून हेच सांगत होती, की लाल-पिवळा फक्त भानगडीसाठी राखून ठेवा. मला ते बोअर वाटायचं.

श्वास राहिला, पण आता तो माझा नाही. पीएलसी दर सेकंदाला एक आकडा वाढवून पाठवते, या प्रकाराला हार्टबीट म्हणतात. तो आला तरच कोपऱ्यातला ठिपका एकदा लुकलुकतो. नाही आला, तर नाही. तीन सेकंद नाही आला तर काटा पुसट होतो, आकडा खोडला जातो, आणि डायलच्या मधोमध, मुद्दाम मधोमध, मोठ्या मराठी अक्षरांत येतं: ‘माहिती येत नाही. वरचा गेज बघा.’

आणि शेवटची गोष्ट. डायलवर बोट टेकवलं की मोठं चित्र उघडत नाही. पॅनेल पीएलसीला त्याच क्षणी नवा आकडा मागतं, आणि खाली लिहून येतं, ‘हे रीडिंग 1 सेकंदापूर्वीचं’. आकडा आला नाही तर तसंही सांगतं. हातमोजे घालून दाबता यावं म्हणून अख्खा डायलच बटण आहे. प्रोजेक्टच्या कागदात या फीचरचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. ऑफिसात सगळे त्याला ‘टिचकी’ म्हणतात.

नवं डिझाइन मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा कुणी ‘वॉव’ म्हणालं नाही. मार्केटिंगचा तोच मुलगा म्हणाला, ‘जरा... साधं नाही वाटत?’ वाटतं. साधंच आहे.

मार्चमध्ये ते कुरकुंभला बसवायला गेले. काका ड्युटीवर होते. मी म्हटलं, ‘काका, आता मी केबल काढते. बघा हं.’ केबल काढली. एक, दोन, तीन. काटा पुसट झाला, पाटी आली. काकांनी पाटी वाचली आणि मान वर करून ड्रमवरच्या पितळी गेजकडे बघितलं. सवयीने. मग केबल लावली, आणि त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. बोट टेकवलं नाही, टिचकीच मारली, काचेवर मारतात तशी. सुदैवाने पॅनेलला ती कळली.

तुम्ही बॉयलर हाऊसमध्ये काम करत नाही, माहितीये मला. तुमच्याकडे एसी आहे, कॉफी मशीन आहे. पण तुमच्या डॅशबोर्डवर पण काटे आहेत ना? सगळे हिरवे, सगळे बाराच्या जागी? त्यातला एखादा कित्येक दिवस हललाच नसेल, तर तो गुणी आहे म्हणून नाचू नका. एकदा टिचकी मारून बघा.

त्या संध्याकाळी दौंडवरून निघताना आप्पांचा फोन आला.

‘बसवलं का?’

‘बसवलं.’

‘टिचकीला काटा हलतो ना?’

‘हलतो आप्पा.’

‘मग ये जेवायला. ट्रॉल्या बघून चालव.’